वर्ग तीन, वर्ग पाच

१३ मे, शनिवार.
इथल्या, जर्मनीतल्या लेअर गावच्या रजिस्ट्री ऑफिसात गेशेशी लग्न झालं. संकल्प: घरचे कागदपत्र यापुढे मीच बघणार.

२२ मे.
टॅक्स-ऑफिसने दोघांनाही वर्ग चार लावला. म्हणजे दोघांच्या पगारातली कापाकापी सारखीच. मग कुटुंबप्रमुख कोण? आपण तीन-पाच घ्यायचं. तीन मला, माझा पगार बराचसा हातात. पाच गेशेला, तिचा जरा जास्त कापला जाईल. पण घर तर एकच! शिवाय माझा पगार जास्त आहे. चाळीस युरोंनीच, पण जास्त तो जास्तच. फॉर्मवर दोघांची सही लागते. गेशेने न वाचता केली. म्हणाली, तू बघितलंयस ना, मग झालं.

२८ जुलै.
पगार फुगला. सेकंडहँड होडी घेतली. नाव 'गेशे'. तिने स्वतःची पगारपावती फ्रिजवर चुंबकाने लावली. पावती आवडली असावी.

६ ऑगस्ट, रविवार.
गेशेची थेडामावशी चहाला आली. टॅक्स-ऑफिसातून रिटायर झालेली, त्यामुळे गप्प बसवत नाही. म्हणे, मूल हवंय ना जावईबापू? मग बाळंतपणाच्या रजेत गेशेला जे सरकारी पैसे मिळतील ते तिच्या हातात पडणाऱ्या पगारावर. पाचात ठेवलीस तर काय मिळणार, कपाळ? दिवस जायच्या आत चार-चार करून घे. म्हटलं, उद्याच करतो.

७ ऑगस्ट.
भरती झकास होती. होडी काढली.

३ सप्टेंबर.
फॉर्म भरला. सहीला पेन सापडेना.

१ ऑक्टोबर.
गेशेने पेन आणून हातात दिला. शाई निळी. मी सही काळ्यानेच करतो.

२२ ऑक्टोबर, रविवार.
गेशेने पहिल्याच कपात चमचा ठेवला. आमच्याकडे तीन कप झाल्याशिवाय कोणी ठेवत नाही. ठेवला की ओतणाऱ्याने थांबायचं. पोट बिघडलंय का विचारलं. नाही म्हणाली. हल्ली घरात घड्याळ फार वाजतं. तेल घालायला हवं.

५ नोव्हेंबर.
गेशे दोन बॅगा घेऊन मावशीकडे गेली. मावशीचा गुडघा दुखतो, आणि गेशे फिजिओथेरपिस्ट, म्हणजे घरचीच. दारात म्हणाली, "एन्नो, परत चार करायला एकाचीच सही पुरते. मी ऑगस्टमध्येच करू शकले असते. मला तुझी हवी होती." म्हटलं, मग तूच करून टाकायचीस ना, माझा हेलपाटा वाचला असता.

२४ डिसेंबर.
गुडघा चिवट दिसतो. फ्रिजवर नुसतंच चुंबक.

३१ डिसेंबर.
सही केली! काळ्या शाईने. फॉर्म पेटीत टाकला. गेशेला फोन लावला, उचलला नाही. असू दे, सरप्राइज.

२९ जानेवारी.
पगारपावती आली. वर्ग एक. तीन नाही, चार नाही. पहिला नंबर! मावशीने वजन वापरलं म्हणायचं. पण पगार घटलेला. पगार विभागातल्या ओडिंगाबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, एक बिनलग्नाच्यांना असतो, नाहीतर जोडीदारापासून कायमचे वेगळे राहणाऱ्यांना. तसं कोणीतरी टॅक्स-ऑफिसला कळवलंय.
माझ्या सहीशिवाय?
"याला एकाचीच पुरते, एन्नो."
घरी येऊन चहा केला. पहिला कप संपला. चमचा कपात ठेवायची गरज पडली नाही. ओतणारं कोणी नव्हतं.