शिवणीची फळी

रिसाली, भिलाई
१२ फेब्रुवारी, गुरुवार

चि. निशूस,

आईचे पोटभर आशीर्वाद. तिकडे पुरीच्या बाजूला थंडी नसते म्हणतात, तरी सकाळी पाण्यात शिरताना कान बांधत जा. कान बांधून लाटेवर उभं राहता येत नसेल तर तेही शिकून घे, एवढं शिकलीस तसं.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. तुझा फोन वाजला की तुझे बाबा टीव्हीचा आवाज बंद करतात आणि पेपर तोंडासमोर धरून बसतात. परवा तर पेपर उलटा होता. स्वतः बोलायचं नाही, पण आपला एक शब्द सोडायचा नाही. आज जे सांगायचं आहे ते त्यांनी न ऐकलेलं बरं.

आधी तुझ्या लाटेवर उभं राहायच्या फळीची बातमी. तू कागदावर तिचं चित्र काढून पाठवलंस आणि बजावलंस की सुपेल्यातल्या एखाद्या सुताराकडून करून घे, बाबांना कळू देऊ नकोस. मी तो कागद फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावला. आता दिसला तर माझा काय दोष? भर हिवाळ्यात हे फ्रिजचं पाणी प्यायला लागले. जाता-येता एक घोट, आणि कागदाकडे एक नजर. शेवटी म्हणाले, "हे ड्रॉइंग कोन्या गधड्यानं काढलं? साइड व्ह्यूच नाही."

"तुमच्याच पोरीनं," मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी उतईच्या धोंडबांना, म्हणजे प्लांटमधल्या पॅटर्न शॉपच्या जोडीदाराला, घेऊन लाकूड कापायच्या आरा मशीनवर गेले आणि शिवणीच्या लाकडाच्या फळ्या घेऊन आले. हलकं लाकूड, पाण्यात फुगत नाही, वाकत नाही, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं धोंडबांना सांगत होते. मग मागच्या पडवीत रंधा सुरू झाला. माझी मेथी भुशाखाली गेली. पण निशू, खरं सांगते, रिटायर झाल्यापासून त्यांना इतकं खुशीत पाहिलं नव्हतं. प्लांटमध्ये आयुष्यभर लाकूड घासलं ते लोखंडासाठी. लाकडाचा नमुना करायचा, त्याच्या साच्यात लोखंड ओतायचं, आणि यांचा नमुना कोपऱ्यात पडून राहायचा. लाकूड लाकूडच राहणार, असं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. फळीच्या खाली माशाच्या परासारखं पातं नको, असं तू दोनदा अधोरेखित केलं होतंस. "सायकलले हँडल नाही अन् म्हणे चालते," हे दिवसभर पुटपुटत होते. "फळी आडवी सरकन. मंग?" मी म्हटलं, "आपली पोरगी आडवीच आहे, तिला जमेल." हसले नाहीत, पण पातंही लावलं नाही.

केमिकल नको, असंही तू लिहिलं होतंस, म्हणून धोंडबांनी घाण्यावरून जवसाचं तेल आणलं. आपण जवसाची चटणी खाणारी माणसं, आता आमची फळीही जवसावर पोसली जाते. तेल सध्या मीच चोळते आहे. का, ते सांगते थोड्या वेळानं.

फळी तयार झाली तशी मी तिला खोळ शिवायला घेतली. तुझ्या कागदावरचं माप, माझा शिलाईचा टेप, आणि वर शिलाईसाठी जास्तीचं सोडलेलं कापड. तरी फळी खोळीत जाईना. ना लांबीत, ना रुंदीत. हे म्हणाले, "तुह्या टेप ढिला हाय." मी म्हटलं, या टेपवर अर्ध्या रिसालीचे ब्लाउज बसले आहेत, तुमची पट्टी आणा. पट्टी आणली आणि तिच्याकडे पाहतच राहिले.

ती कॉन्ट्रॅक्शन स्केल होती. लोखंड थंड होताना आटतं, म्हणून नमुना थोडा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्न शॉपात जी पट्टी वापरतात तिच्यावरचा इंचच खऱ्या इंचापेक्षा मोठा असतो. हात सवयीनं तिच्यावरच गेला होता. मी म्हटलं, "अहो, ही ओतायची नाही, तरंगायची आहे. ही कशाला आटेल?" धोंडबा हसून हसून खोकू लागले. हे मात्र लाल मेणखडू घेऊन आले आणि फळीवर 'रिजेक्ट' लिहून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी साध्या पट्टीनं दुसरी सुरू केली. ती तुझ्या मापाची आहे, खोळीत गेली आहे, फक्त तेलाचे हात बाकी आहेत.

आता तेल मी का चोळते ते. मागच्या आठवड्यात तू विचारलंस, बाबा खोकतात का, आणि मी पडसं म्हटलं. पडसं नव्हतं.

दुसरी फळी पाठवायच्या आधी पहिलीची ट्रायल घ्यायची, असं यांनी ठरवलं. ट्राय केल्याशिवाय कुठलाच नमुना पॅटर्न शॉपच्या बाहेर जात नाही म्हणे. मला सांगितलं, धोंडबाकडे हुरडा खायला जातो. दोघांनी फळी टेम्पोत घातली आणि उतईकडच्या तलावावर गेले. ज्या माणसानं जन्मात गुडघ्याच्या वर पाणी पाहिलं नाही, तो त्या फळीवर पोटावर झोपून मध्यापर्यंत गेला आणि तिथं गुडघ्यांवर उठला. फळी आडवी सरकली. हे खाली. धोंडबा काठावरून ओरडत होते, नशिबानं मासे धरणारा एक जण डोंगी घेऊन जवळच होता. त्यानं ओढून काढलं तेव्हा पोटात बरंच पाणी गेलं होतं. एक रात्र दवाखान्यात ठेवलं. डाव्या मनगटावर फळीचा फटका बसला, तिथं प्लास्टर आहे. आता बरे आहेत, अगदी बरे आहेत, माझ्या वरणात मीठ कमी आहे हे सांगण्याइतके.

मी फार भ्याले, निशू. दवाखान्यात त्यांच्यावर ओरडले, या वयात हे काय सुचलं म्हणून. तर डोळे मिटूनच म्हणाले, "थे निशू म्हणे ना, मी काय करते ते एकडाव येऊन पाहा. मी नाही गेलो. म्हटलं, पाहून घेतो."

तू रायपूरची नोकरी सोडून पुरीला लोकांना लाटेवर उभं राहायला शिकवायला निघालीस तेव्हा दारात त्यांनी काय म्हटलं ते तुझ्याही लक्षात आहे आणि माझ्याही. पाण्यातून बाहेर येशील तेव्हाच घरी ये. तू दोन दिवाळ्या आली नाहीस. मी दोघांच्या मध्ये निरोप्या होऊन दमले. दोघंही तेवढेच हट्टी, आणि दोघंही मला विचारता, जेवले का, जेवली का.

काल संध्याकाळी पडवीत बसलो होतो. म्हणाले, "कलावती, पोरीले एक विचारजो."

"काय?"

"फळी आडवी सरकते, थे समजलं. तिची चालच तशी हाय, खराबी नाही. पन माणूस पडला का पहिले काय करावं? फळी धरावं का श्वास धरावं?"

मी म्हटलं, तुम्हीच विचारा.

"थे मले कावून सांगन?" म्हणाले. मग प्लास्टरवरून बोट फिरवत म्हणाले, "मीच तिले येऊ नोको म्हटलं होतं."

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू मला कळवू नकोस. त्यांच्या फोनवर फोन कर. उचलतील आणि काहीच बोलणार नाहीत. ठेवू नकोस. फळी की श्वास, एवढंच सांग, बाकीचं त्यांचं ते बोलतील.

आज सकाळी पाहिलं तर मोठ्या, पहिल्या फळीवरचा लाल मेणखडू घासून काढलेला होता. उजव्या हातानं जवसाचं तेल चोळत होते. मला पाहून म्हणाले, जड माणसाले मोठीच फळी लागते. प्लास्टर निघालं की दुर्गहून पुरीची गाडी धरू म्हणतात. तिथं राहायची सोय बघून ठेव. आणि काठाजवळचं उथळ पाणी.

तुझी आई, आणि तुझ्या नव्या विद्यार्थ्याची बायको,
कलावती