बरं झालेलं काळीज

३ जुलै २००४
राजारामपुरीत शाळेची पोरं रिक्षात. छातीत घोडं उधळल्यागत झालं, डोळ्यांपुढं अंधार. रिक्षा कडेला घेतली तेवढं आठवतंय. पानपट्टीवाल्यानं तोंडावर पाणी मारलं. मागं पोरं रडत होती.

५ जुलै
डॉक्टरांनी छातीचा ईसीजी काढला. वण बघून विचारलं, "हे कधीचं?"
"सहा वर्षांचा होतो. ओठ, नखं निळी पडायची, म्हणून ऑपरेशन केलेलं."
"नंतर दाखवलं कुठं?"
"नाही. तवाचे डॉक्टर बरा झालो म्हणलेले."
परत छाती तपासली. मग पुण्याची चिठ्ठी दिली.
पोरांची रिक्षा आजपास्नं बंद. मीच ठरवलं.
आई ऐकंना. "मुंबईच्या डॉक्टरनं काळीज नीट केलंय तुजं. ह्या कानानं ऐकलंय मी. पित्त झालं आसंल."

९ जुलै, पुणे
डॉक्टर लहान मुलांच्या हृदयाचे. जन्मापास्नं काळीज बिघडलेल्या मोठ्यांचा असा वेगळा कुणी नाही म्हणे. भिंतीवर ससे. तिथल्या नर्सबाईनं विचारलं, "बाळ कुठाय?" माझी बायको सुनीता म्हणाली, "हेच." कुणी हसलं नाही.
डॉक्टर म्हणाले, तवाच्या ऑपरेशनात फुफ्फुसाकडची रक्ताची वाट मोकळी करताना झडप कापावी लागली. इतकी वर्षं रक्त उलटं गळतंय. उजवा कप्पा फुगलाय, म्हणून ठोके बिघडतात.
सुनीतानं विचारलं, "चूक कुणाची?"
"कुणाची नाही. ते ऑपरेशन नसतं, तर हे आज इथं नसते."
नवी झडप बसवायची का, ते सगळे डॉक्टर मिळून ठरवणार. उशीर झालाय जरा, म्हणाले.

१२ जुलै
आईला सगळं सांगितलं.
"म्हंजे तू बरा झालाच न्हवतास?"
"झालो की. लग्न झालं, दोन पोरी झाल्या."
"मग आता ह्ये काय?"


१५ जुलै
पाय सुजलेत. जिना चढताना दोनदा बसलो. सुनीतानं पोरींना इथंच गावात, मंगळवार पेठेत तिच्या आईकडं ठेवलं. मी नको म्हणत होतो.
"तुमाला काय झालं तर त्यांनी बघायला नको."
बरोबर हाय तिचं. पण घर लय गप्प...

१९ जुलै
पुण्याचा फोन. करू म्हणतात. धोका बराच. ठोके सुधारतीलच असं नाही. झडपही कायमची नाही, पुढं परत बदलायची. न करता किती दिवस, ते सांगता येत नाही. विचार करून उद्या कळवा.
सुनीता म्हणाली, "करूया."
आई म्हणाली, "न्हाय. एकदा फाडलेली छाती परत फाडू देणार न्हाय मी."
मग दोघी माझ्याकडं बघत बसल्या. ताटं वाढलेली तशीच. जेवायला कुणीच हात धुतले नाहीत.