जिना नसलेली जागा

२ जुलै, पिरेअस

डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे समुद्रकाठी. जिने नकोत, दुपारचं ऊन नको, चिडचिड नको. पहिल्या दोन गोष्टी मी बघेन. तिसरी पान्देलिसच्या नशिबी नाही – बायको मी आहे!

बायपासला दोन महिने झाले. तसा बरा आहे, पण त्याची पँट कमरेला दोनदा आत घ्यावी लागली. माझ्या शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना घेतली आणि कात्री हातात धरून रडले. तेवढंच. आता सुट्टी. एकच जागा धरायची, तिथेच बूड टेकायचं, रोज उठून बॅगा भरायच्या नाहीत.

बोटीची तिकिटं त्याने इस्पितळाच्या खाटेवरूनच काढून ठेवली आहेत. ४ ऑगस्ट. आमच्या बेटाची – म्हणजे माझ्या. त्याला ना गाव ना बेट, तो पिरेअसच्या गल्लीतला. मला विचारलंसुद्धा नाही. ऑगस्टची तिकिटं विचारत बसलं की संपतात, म्हणाला.

नऊ वर्षांत मी बेटावर पाऊल ठेवलेलं नाही. हे त्याला माहीत आहे. म्हणूनच विचारलं नाही.

३ जुलै

ठीक. जाऊ. पण खोली भाड्याने घेऊन. थोरल्या बहिणीच्या, सेवास्तीच्या घरात नाही.

५ जुलै

आज त्याच्याकडून यादी करून घेतली. कागद समोर ठेवून गरीब मुलासारखा सांगत होता. जिना नको. समुद्र दारातून दिसावा, पण वारा अंगावर येऊ नये. दुपारी सावली. चालत जाता येईल एवढा जवळ पाववाला. आणि मागे एखादं झाड, अंजिराचं असलं तर बरं.

अंजिराचं असलं तर बरं! मी कागद घडी करून एप्रनच्या खिशात कोंबला. त्या बेटावर असं एकच घर आहे आणि ते अवलाकीच्या खाडीत आहे. मी त्यात जन्मले, आता ते सेवास्तीचं. यादी त्याने डोळे मिटून केलेली नाही, लबाडाने.

९ जुलै

बंदरावरच्या खोल्या बघितल्या, फोनवर, फोटोंतून. औषधांचं दुकान खाली, डॉक्टर कोपऱ्यावर. छान. मग आठवलं – पहाटेची बोट भोंगा वाजवते तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरतात. आणि मोटारसायकली. बंदर रद्द.

११ जुलै

डोंगरावरचं पिरगोस. गार, शांत, चौकात चिनार. चौऱ्याण्णव पायऱ्या. लहानपणी मोजल्या होत्या. रद्द.

१२ जुलै

लिवादी. सपाट, वाळू, समुद्र पायाशी. पण ऑगस्टचा उत्तरेचा वारा तिथे असा सुटतो की कॉफीत वाळू, दातांत वाळू, अंथरुणात वाळू. तरी फोन केला. बाई गोड बोलल्या, जागा आहे म्हणाल्या. नाव विचारलं. मी सांगितलं – आन्थूला, अवलाकीच्या फोतिनीची धाकटी. मग म्हणाल्या, वही बघते. मग म्हणाल्या, भरलंय हो सगळं.

१३ जुलै

पान्देलिस हसतो आहे. "ज्याला गाव नाही तो मी. तू तर बेटावरची, आणि परक्यासारखी खोली शोधतेस. बंदरावर उतरलीस की लोक विचारतील, कुठे उतरलात? काय सांगशील?"

सांगेन काहीतरी. टाक्यांत बोलणारी बाई आहे मी, शब्दांत नाही.

१७ जुलै

बंदर पुन्हा. भोंगा सहन करू. दोन ठिकाणी फोन केले, दोन्ही भरलेली. पिरगोसच्या खालच्या आळीत केला, तिथे फक्त तीसच पायऱ्या – भरलेली. आणि चौथ्या ठिकाणच्या बाईने तर माझं नाव ऐकण्याआधीच आवाजावरून ओळखलं आणि भरलंय म्हणाली. आवाज अगदी आईचा झालाय तुझा, असंही म्हणाली. मी फोन ठेवला. दिवसभर एकाच पडद्याची कड तीनदा उसवली.

१८ जुलै

लिहूनच टाकते. म्हणजे डोक्यातून जाईल.

आमच्याकडे आईचं घर थोरल्या मुलीचं. नुसतं मेल्यावर नाही – तिच्या लग्नाच्या दिवशी. त्या सकाळी आई आपलं अंथरूण, देवापुढचा दिवा आणि एक पातेलं घेऊन मागच्या खोलीत जाते. किल्ली दाराला बाहेरून लावून ठेवते. म्हणजे घर दिलं. सेवास्तीच्या लग्नात मी अकरा वर्षांची होते. आईमागून माझी उशी घेऊन गेले. मागची खोली म्हणजे पावाच्या भट्टीला चिकटलेली, उन्हाळ्यात भाजणारी, पाय पसरले की भिंत. सतराव्या वर्षी तिथून उठून पिरेअसला शिवणकाम शिकायला आले. धाकटीला दुसरं काय मिळतं?

यावर मी कधी कुरकुर केली नाही. रीत आहे. पण आई आजारी पडली, आणि वारली तीही त्याच खोलीत. मी पोचले तेव्हा ती भट्टीच्या भिंतीला टेकलेल्या खाटेवर होती, पुढच्या मोठ्या घरात स्वच्छ पलंग रिकामा. पुरून आल्यावर सगळ्यांना देतात त्या कॉफीला सगळं अवलाकी जमलेलं, आणि मी सगळ्यांसमोर बोलले. "आईला भट्टीशेजारी मरू दिलंस, आणि तू मोठ्या घरात लोळत होतीस."

सेवास्ती कप विसळत होती. वर बघितलंसुद्धा नाही. तिने नाही म्हटलं नाही, म्हणून मी ते खरं धरलं. नऊ वर्षं धरलं.

१९ जुलै

लिहिल्याने काही डोक्यातून जात नाही.

२२ जुलै

दुसऱ्याच बेटावर जाऊ म्हटलं. पान्देलिस म्हणाला, जा. मी आमच्याच तिकिटावर जातो आणि अंजिराखाली बसतो.

२७ जुलै

आज पान्देलिसच्या नावाचा सण, म्हणजे त्याच्या नावाच्या संताचा दिवस. आमंत्रण कोणाला नसतं, ज्याला आठवतं तो येतो किंवा फोन करतो. सकाळपासून घंटी. मी ताटात बदामाच्या वड्या मांडत होते.

अकरा वाजता सेवास्तीचा फोन. दरवर्षी येतो. त्याच्यासाठी. आणि दरवर्षी मी स्वयंपाकघरात जाते. आजही गेले, पण दार उघडं ठेवलं. तो म्हणत होता – हो, तीन महिने होत आले. हो, चालतो. नाही, जिना नाही चालत. सावली हवी. मीठ बंद. हो, चारलाच. मग बराच वेळ नुसतं ऐकत होता. मग म्हणाला, "ती? ती खोली शोधते आहे. अजून."

फोन ठेवल्यावर त्याने एक वडी उचलली आणि खाल्ली. वड्यांत साखर होती, मी अडवलं नाही.

३१ जुलै

चार दिवस राहिले आणि जागा नाही! बंदरावरच्या एका मोठ्या हॉटेलला पान्देलिसच्या आडनावाने फोन केला. खोली मिळाली. तिसरा मजला. लिफ्ट आहे का? आहे, बंद आहे. तरी धरून ठेवली.

१ ऑगस्ट

कालिओमावशीला फोन केला. अवलाकीत तिच्या दोन खोल्या आहेत, आईची मैत्रीण, ऐंशी वर्षांची. तिला खोटं बोलता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत टाळत होते.

तीही म्हणाली भरलंय. मी म्हटलं, मावशी, खरं सांग.

"खोल्या रिकाम्या आहेत. सेवास्ती घरोघर गेली, बंदरापासून लिवादीपर्यंत. बसने. माझी बहीण फोन करेल, भरलंय म्हणा, म्हणाली."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, मला गुडघ्यावर आणायचंय तिला. आईला भट्टीशेजारी ठेवणारी बाई, तिच्याकडून दुसरी काय अपेक्षा! कालिओमावशी एकदम रागावून बोलली, आणि तिला मी आयुष्यात कधी रागावलेली ऐकली नव्हती.

"तुझ्या आईला कोणी ठेवलं नव्हतं. सेवास्तीने तिची गादी दोनदा मोठ्या घरात नेली. दोनदा तुझ्या आईने ती परत ओढत आणली. दिलेल्या घरात मी पाहुणी म्हणून मरणार नाही, म्हणाली. मग सेवास्तीच मागे गेली. सगळा हिवाळा, जमिनीवर, खाटेच्या बाजूला. त्यातच तिची कंबर गेली. मोठ्या घरात कोणी लोळत नव्हतं, आन्थूला. पलंग रिकामा होता ना? मग तो कोण झोपत नव्हतं म्हणून रिकामा होता?"

मी विचारलं, मग त्या दिवशी ती बोलली का नाही. मावशी म्हणाली, "काय बोलायचं? आई हट्टी होती म्हणायचं? आईच्या मयताला?"

२ ऑगस्ट

हॉटेल रद्द केलं.

३ ऑगस्ट

बॅग भरली, उपसली, भरली. सेवास्तीसाठी कापड घेतलं होतं, कधीतरी, सहा वर्षांपूर्वी. गडद निळं. ते तळाशी टाकलं. माप माहीत नाही. नऊ वर्षांत बाई केवढी होते?

४ ऑगस्ट

वारा. बंदरातून एकही बोट सोडत नाहीत. पाच तास बॅगेवर बसले. पान्देलिस सावलीत, शांत, शेजारच्या म्हाताऱ्याशी फुटबॉलवर भांडतो आहे. मी धक्क्यावर येरझाऱ्या घातल्या. एवढे दिवस जायचं नव्हतं, आणि आज बोट अडली तर जीव वरखाली होतोय. बंदरावरच्या माणसाने मला तीनदा बसवलं.

५ ऑगस्ट, अवलाकी

सकाळी सुटली, दुपारी पोचलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठे उतरलात? मी म्हटलं, घरी. पान्देलिस खिडकीतून बाहेर बघत राहिला.

दार बंद. किल्ली दाराला – बाहेरून. मला वाटलं, पाववाल्याकडे गेली असेल, घाईत विसरली. आत गेलो. पडदे नवे. मोठ्या पलंगावर दोन उशा, नव्या चादरी, पान्देलिसच्या बाजूला पाण्याचा तांब्या. कपाट उघडलं, रिकामं. तिची एक शाल नाही, चप्पल नाही. देवापुढची जागा रिकामी. दिवा नाही.

तेव्हा कळलं. मी धावत मागे गेले. भट्टीशेजारच्या खोलीत आईच्या खाटेवर तिची गादी, खुंटीला तिचे तीन काळे कपडे, कोनाड्यात दिवा लावलेला.

ती पाव घेऊन मागच्या वाटेने आली. केस सगळे पांढरे. कमरेत वाकलेली. पान्देलिसला म्हणाली, बूट काढ, फरशी गार आहे, आणि भोपळ्याच्या फुलांत भात भरलाय, मीठ नाही त्यात. मग माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, तू मागे का गेलीस.

"घर दिलं की मागेच जातात. नवरा गेला, मुलं जहाजांवर, मुलगी मला झाली नाही. तू आहेस."

"मला माहीत नव्हतं, सेवास्ती. आईचं. मला कोणी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली, आणि पाव माझ्या हातात दिला.

मी फार वाईट बोलले होते. तसं तिला सांगितलं, पावासकट उभी राहून, रडत. ती म्हणाली, पाव भिजेल.

६ ऑगस्ट

पहाटे माझी उशी उचलून मागच्या खोलीत नेली. सेवास्ती म्हणाली, मूर्ख आहेस, इथे दोघींना जागा नाही. मी म्हटलं, जमिनीवर आहे. माप घेतलं तिचं – माझ्याएवढीच आहे. मोठ्या घरात पान्देलिस एकटाच पलंगावर आडवातिडवा झोपला आहे. किल्ली दाराला बाहेरच आहे. दोघींपैकी कोणी काढत नाही.