कुंपणापलीकडचं पाणी

प्रिय ओलिंडाताई,

आधी झाडाची बातमी सांगते, कारण तू फोन उचललास की बरी आहेस का, जेवलीस का, काही नाही, थेट "गेलं का गं ते?" असंच विचारतेस. गेलं नाही! शेंडा वाळलाय तो वाळलेलाच राहणार, पण त्याच्या खालून इतके कोवळे, पोपटी फुटवे आलेत की रोज सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन मी मान दुखेपर्यंत वर बघत उभी असते. कॉफी थंड होते, ती तशीच पिते.

तुझ्या अंगणातल्या रेडवुडच्या बुंध्याशी फुटलेलं ते रोप आमचं लग्न झाल्यावर मॅन्युएलने ओल्या गोणपाटात गुंडाळून डोंगरापलीकडे इथे युकायाला आणलं, तेव्हा तू गाडीच्या खिडकीत डोकं घालून काय म्हणालीस आठवतंय? "याला कसलं पाणी घालताय, धुकं पाजतं त्याला." खरंच की, आपल्या किनाऱ्यावरच्या फोर्ट ब्रॅगमध्ये रेडवुडला पाणी घालणारा माणूस दिसला असता तर पोरांनी त्याची हुर्यो उडवली असती. धुकं पानांवर अडकतं आणि खाली ठिबकतं, बस्स. इथे मात्र धुकं डोंगराच्या पलीकडेच बसून राहतं, आणि जुलैत स्वयंपाकघरातला चमचासुद्धा हाताला गरम लागतो. तरी मी त्या झाडाला कधी पाणी घातलं नाही. उलट येईल त्याला ऐकवायची, "आमचं किनाऱ्याचं रक्त आहे, कुणाकडे काही मागत नाही!" झाड घराच्या वर गेलं आणि माझं नाक त्याच्याही वर.

मग गेल्या वर्षी शेंडा तपकिरी व्हायला लागला. माझी जी तारांबळ उडाली! रोज संध्याकाळी बुंध्याशी बादली ओतायची आणि मॅन्युएलच्या फोटोपुढे उभं राहून त्यालाच रागवायची, की तू गेलास ते गेलास, आता हेही नेतोस का? झाडांचा जाणकार बोलावला. त्याने खोडावर टकटक केलं आणि म्हणाला, पाडून टाका. त्याच रात्री मी तुला कळवलं, की झाड गेलं की घर विकते आणि कायमची तुझ्याकडे येते. तू तर खोली रंगवूनही टाकलीस. तो निळा रंग! तू रंग वाळायच्या आत पडदे लावले असशील, मी ओळखून आहे तुला.

पण वेंडेल आड आला. शेजारचा वेंडेल, शाळेची बस चालवायचा तो, ज्याला तू "पन्हळवाला" म्हणतेस. वीस वर्षं आमचं बोलणं एवढंच. तो कुंपणावरून ओरडायचा, "ब्रागाबाई, तुमच्या झाडाच्या कचऱ्याने माझ्या छपराची पन्हळ पुन्हा तुंबली!" मी ओरडायची, "मग तिच्यात भोपळे लावा!" की तो पन्हळीतला सगळा पाला उचलून माझ्या अंगणात फेकायचा. एप्रिलमध्ये त्याने हाक मारली तेव्हा मी भांडायच्या तयारीनेच बाहेर गेले. त्याने टोमॅटोसाठी आपल्या अंगणातली खडी उकरली होती आणि खड्ड्यात बोट दाखवून म्हणाला, "या, बघा. तुमचं झाड इतकी वर्षं माझ्याकडे जेवायला येत होतं."

वीतभर खोलीवर लाल, बारीक मुळांची गच्च गादी होती, ताई. पार कोरडी, हातात घेतली तर मोडत होती. मग डोक्यात प्रकाश पडला. तीन वर्षांपूर्वी पाण्याची टंचाई आली तेव्हा वेंडेलने आपली हिरवळ काढून खडी टाकली होती. त्याआधी रोज संध्याकाळी तिथे फवारा चालायचा. म्हणजे माझं ते मानी किनाऱ्याचं रक्त दररोज गुपचूप कुंपणाखालून जाऊन शेजाऱ्याचं पाणी ढोसून येत होतं! मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. वेंडेलही हसला. छान हसतो गं तो. वीस वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आता मी पाण्यातली पंडित झालेय, तेव्हा ऐकून घे. बुंध्याशी पाणी घालणं म्हणजे पाहुण्याच्या बुटांत सूप ओतणं, हे वेंडेलचं वाक्य. झाडाचं तोंड बुंध्यापासून लांब असतं, फांद्यांची सावली संपते तिथे आणि त्याही पुढे. ते निम्मं त्याच्या अंगणात आहे, म्हणून खडी निघाली. हिवाळ्यात पाऊस सांभाळतो, आपण हात लावायचा नाही. वसंतात पाऊस थांबला की माती तडकायची वाट न बघता सुरुवात करायची. उन्हाळ्यात रोज थोडं थोडं नाही, तर आठवड्यातून एकदा, नळी बारीक सोडून अख्खी सकाळ, खोलवर मुरेपर्यंत. मुरलं का ते बघायला लांब पेचकस मातीत खुपसायचा. सहज गेला तर ठीक. सप्टेंबरात हवा जरा बरी वाटली तरी नळी गुंडाळायची नाही, खरा पाऊस येईपर्यंत चालूच. आणि पडलेला पाला झाडाखालीच अंथरायचा, ओल टिकते. ज्या पाल्यावरून आम्ही वीस वर्षं भांडलो, तो आता वेंडेल पन्हळीतून काढून टोपलीत भरून आणून देतो!

नळी मधूनमधून सरकवावी लागते, त्यामुळे कुणीतरी बसावंच लागतं. आधी त्याने नळी जावी म्हणून कुंपणाची एक फळी काढली. मग मी जावी म्हणून दोन. मग माझ्या सूपचं पातेलं जावं म्हणून आणखी चार. ऑगस्टमध्ये एकदा बघितलं तर कुंपणच नव्हतं.

ताई, एवढं सगळं लिहिलं ते एका वाक्यासाठी. मी तिकडे राहायला येत नाही. तू ती खोली किती हौसेने सजवलीस ते मला ठाऊक आहे, पण मी इतकी आनंदात आहे की तुझ्यापासून लपवणं जमायचं नाही. वेंडेलने मला मागणी घातली, हातात नळी धरून, स्वतःचे बूट भिजवत. मी हो म्हटलं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी झाडाखाली लग्न आहे. कुंपणाच्या फळ्यांचं त्याने लांबलचक टेबल केलंय आणि मधली खुर्ची तुझी. आणि नुसती लग्नापुरती येऊ नकोस. मागची खोली मी रिकामी केलीय, तिथून झाड मुळापासून शेंड्यापर्यंत दिसतं, आणि धुक्याने तुझे गुडघे दुखायला लागले की दर हिवाळ्यात तू इथेच राहायचंस. तो निळा रंग उरला असेल तर डबा घेऊन ये. मी रंगवते, वेंडेल शिडी धरेल. पडद्यांना मात्र रंग वाळेपर्यंत हात लावायचा नाही.

तुझीच,
लिना