गटातल्या शेवटच्या मुलीचे गुण

बाई,

शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघते आहे आणि तुमच्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलं आहे. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. एवढ्या काळात तुमच्यावर काही लिहावं असं मला एकदाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. फोनवरची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "बाईंच्या गटपद्धतीबद्दल लिहा ना मॅडम, तुम्ही त्यांच्या लाडक्या गटप्रमुख होता म्हणे." लाडक्या! मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्यापाशी जाऊन उगीचच दोन भांडी आपटली.

तुमची पद्धत तुम्हालाच सांगते, कारण ती खालून कशी दिसायची ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत. नववीच्या वर्गाचे पाच-पाच जणींचे गट. घटक चाचणीच्या आधी आठ दिवस शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात बसायचं आणि गटप्रमुखानं बाकी चौघींकडून रसायनशास्त्र करून घ्यायचं. इथवर कोणाची काही तक्रार नव्हती. पण पेपर तपासून झाले की गटात जी सगळ्यात मागे राहिली तिचे जेवढे गुण, तेवढेच गटप्रमुखाच्या नावापुढे लागायचे, मग तिचे स्वतःचे कितीही असोत. "पुढं जाणारीनं मागं वळून बघायला शिकलं पाहिजे," असं तुम्ही म्हणायचात आणि मुख्याध्यापक मान डोलवायचे. छान वाक्य होतं. स्मरणिकेत शोभेल.

मी मंगळवेढ्याहून येऊन सोलापुरात मामाकडे राहत होते, हे तुम्हाला माहीत होतं. राहण्याची अट काय होती, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. प्रत्येक चाचणीनंतर अण्णा ज्वारीचं पोतं घेऊन एस्टीनं यायचे, आणि मामाच्या घरी जायच्या आधी स्टँडवरच्या बाकावर बसून माझं प्रगतिपुस्तक बघायचे. वाचता फारसं येत नव्हतं, पण नंबर कुठं लिहितात ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. "पयल्या तिनात हाईस तंवर ऱ्हा हितं," ते म्हणायचे, "न्हाय जमलं तर गाठोडं बांध. मामीच्या जिवाला किती घोर लावायचा?" माझ्या दोन्ही बहिणी अशाच सातवीतून घरी बसलेल्या. त्यामुळे प्रगतिपुस्तक उघडताना त्यांचा अंगठा कागदावरून सरकायचा, तेवढा वेळ मी त्या अंगठ्याकडेच बघत असायची.

आणि माझ्या गटात तुम्ही रंगाऱ्याची मुलगी घातलीत. तिच्या वडिलांचं चादरीच्या सुताला रंग द्यायचं काम होतं, घरी तेलुगू बोलायचे. मराठी ती आमच्यासारखीच फडाफडा बोलायची, पण कागद पुढं आला की तिचा हात थिजायचा. प्रयोगशाळेत मात्र तिच्यासारखी कोणी नव्हती. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडलेली असली तरी सांगायची, "ह्यो कास्टिक सोडा हाय की. बोटाला बुळबुळीत लागतंय." पहिल्या चाचणीत मला पंचवीसपैकी तेवीस पडले, तिला सात. माझ्या नावापुढे सात लागले. माझा नंबर सहावा गेला. अण्णांनी प्रगतिपुस्तक मिटलं आणि "ह्या डावाला सोडतो" म्हणून पोतं उचलून मामाच्या घराकडे चालू लागले. पुढच्या गाडीची घोषणा चालू होती, आणि ती आमच्याच गावची असेल का, या भीतीनं मी मागे वळून वळून बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी शिक्षकांच्या खोलीत तुमच्याकडे आले. आजही मला ते स्पष्ट दिसतं. तुम्ही बशीत चहा ओतला आहे, समोर आमच्या वह्यांचा गठ्ठा आहे, आणि मी रडत रडत सांगते आहे की बाई, माझे तेवीस आहेत. तुम्ही चहा संपेपर्यंत मान वर करत नाही. मग म्हणता, "तेवीस तुझ्या पाठांतराचे. शिकवण्याचे सातच. स्वतःपुरतं हुशार व्हायचं असेल तर घरी बसूनही होता येतं." बाकीच्या शिक्षिका हसल्या. घरी बसण्याचं नाव तुम्ही किती सहज घेतलंत! मी डोळे पुसून वर्गात परत गेले.

म्हणून मी त्या रंगाऱ्याच्या मुलीच्या घरी जायला लागले. मागच्या अंगणात बांबूंवर ओल्या सुताच्या लडी, गटारीतून लाल पाणी, आणि आम्ही दोघी पोत्यावर बसून व्याख्या घोकतोय. ऑक्सिडीकरण तिला काही केल्या जमेना. मी वैतागून वही फेकली. ती उठली, माझा हात धरून मला रंगाच्या हौदापाशी घेऊन गेली. तिच्या वडिलांनी त्याच वेळी एक लड काठीनं वर काढली. हिरवट-पिवळी होती. पाहता पाहता, हवेत धरल्या धरल्या, ती निळी होत गेली, आधी कडेनं आणि मग सगळी. "हवा लागली की निळं होतंय," ती म्हणाली. "नायना म्हणतो, सूत श्वास घेतंय." नायना म्हणजे तिचे वडील. मी अक्षरशः उडीच मारली. "अगं, हेच तर ऑक्सिडीकरण! हेच लिही!" खरं सांगायचं तर तोवर मला स्वतःलाही ते कळलेलं नव्हतं. नुसतं पाठ होतं. त्या दिवशी कोणी कोणाला शिकवलं, हे मी तुमच्यापुढे कधीच कबूल केलं नाही.

दुसऱ्या चाचणीत तुम्ही ऑक्सिडीकरणाचाच प्रश्न घातलात: व्याख्या लिहून एक उदाहरण द्या. तिनं लिहिलं, "हौदातून सूत काढले की हिरवे असते. हवा लागली की निळे होते." तुम्ही लाल पेन्सिलीनं आडवी फुली मारलीत आणि खाली लिहिलंत, "पुस्तकातील उदाहरण लिहावे." तिला नऊ. मलाही नऊ. तिनं मला विचारलं, "चुकलं काय ते? निळं तर होतंय की." बाई, तुम्ही रसायनशास्त्राची पदवी घेतली होती. ते उत्तर बरोबर आहे हे कळायला तुम्हाला अर्ध्या मिनिटाचा विचार पुरला असता. तेवढाही तुम्ही त्या मुलीवर खर्च केला नाहीत. त्या खेपेला अण्णा म्हणाले, "आता शेवटचा डाव. फुडल्या टायमाला मी पोतं घिऊन येणार न्हाय, तुलाच घिऊन जाणार."

तिसरी चाचणी जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उठल्यावर होती. आदल्या दिवशी शाळेच्या नळापाशी मी तिला गाठलं. गैरहजर मुलीचे गुण गटात धरत नाहीत, हा तुमचाच नियम. मी म्हटलं, "उद्या येऊ नकोस." ती पाणी प्यायची थांबली. "बाई रागावतील की," ती म्हणाली. मी म्हटलं, "नाही रागावणार. तू आलीस तर माझी शाळा सुटेल." तिनं तोंड पुसलं. "मग न्हाय येत," ती म्हणाली. एवढंच. भांडली असती, तर निदान आज मला तिच्यावर थोडं चिडता तरी आलं असतं.

चाचणीच्या दिवशी तुम्ही हजेरी घेतलीत. तिचं नाव एकदा पुकारलंत, थांबलात, दुसऱ्यांदा पुकारलंत. मग माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलंत, बाई! आणि पेपर वाटायला सुरुवात केलीत. आठवड्यानं सगळ्या वर्गासमोर मला शाईचं पेन दिलंत. "या गटात सगळ्या उत्तीर्ण," म्हणालात, "गटप्रमुख असावी तर अशी." तुम्हाला माहीत होतं. डोळ्यांवर कातडं ओढून तुम्ही टाळ्या वाजवल्यात, कारण तुमच्या पद्धतीचा निकाल छान लागला होता. त्या पेनानं मी एक अक्षरही लिहिलं नाही, असं इथे लिहायला मला आवडलं असतं. पण मी दहावीपर्यंत सगळे पेपर त्यानंच लिहिले. चांगलं चालायचं.

पुढे मीही रसायनशास्त्र शिकवलं, तेहतीस वर्षं. गट कधी पाडले नाहीत. ऑक्सिडीकरण आलं की मी सुताची लड सांगायची, हिरवी कशी निघते आणि हवेत निळी कशी होते. तपासणीला आलेले साहेब म्हणायचे, काय सुंदर उदाहरण काढलंत बाई! मी हसून मान खाली घालायची. ते उदाहरण कोणाच्या अंगणातलं, हे मी एकालाही सांगितलं नाही.

इतकी वर्षं मी सगळं तुमच्यावर टाकत आले: तुमचा नियम, तुमची लाल फुली, तुमची टाळी. ते खोटं नाही, आणि मी त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण एक गोष्ट तुम्हाला माहीत नव्हती. चाचणीनंतर तिसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकापाशी आली होती. गणवेशात, दप्तर घेऊन, दोन वेण्या घट्ट घालून. बोटं निळी होती. मधल्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले, तेव्हा तिनं बाहेरूनच विचारलं, "आता येऊ का?"

फाटक उघडंच होतं. तिला वाटलं होतं, मला विचारून यायचं असतं. आणि मी म्हटलं, "अजून एक चाचणी आहे. ती झाली की ये." ती बरं म्हणाली आणि परत गेली. चौथी चाचणी झाली, मी दुसरी आले, अण्णा पोतं घेऊन आले. तोवर पटावरून तिचं नाव कमी झालं होतं. ये म्हणून सांगायला मी तिच्या घरी गेले नाही.

स्मरणिकेची दोन पानं मी काल पाठवून दिली. त्यात लिहिलं आहे की आमच्या गटात आम्ही चौघी होतो.