दादांची तीन वर्षं

महाबळेश्वर, ९ नोव्हेंबर २०२५

ती. रेश्माताईस मल्हारचा सा. न. वि. वि.

हे पत्र दिवाळीपासून टाळतोय, आधीच कबूल करतो. फोन केला की तू स्पीकर लावतेस आणि दादा शेजारी बसून ऐकतात, म्हणून कागदच बरा. टॅक्सी सोडली. मालक म्हणाला, तू गिऱ्हाइकाशी लय बोलतोस. एक नवरा-बायको तर माझ्या नादानं हॉटेल विसरून पाचगणीला पोचले होते. ते असू दे. सध्या हरणाबाईंच्या स्ट्रॉबेरीच्या शेतावर कामाला आहे.

मुद्दा दादांचा. कारखान्याचा राजीनामा देऊन ते आत्ताच पेन्शन घेणार, असं आईनं सांगितलं. ताई, आवर त्यांना. कागदावर ते पंचावन्नचे. पुरी पेन्शन अठ्ठावन्नला. आधी घेतली तर दर वर्षामागं चार टक्के कमी, आणि ते कायमचे. तीन वर्षांच्या घाईपायी मरेपर्यंत बारा टक्के कमी घेत बसायचं? आठवीतनं शाळा सोडलेल्या मला हे कळतंय, मग माझ्या बापाला का कळू नये?

माझ्यावर लोभ असू दे, दादांवर लक्ष असू दे.

मल्हार

—

कडेगाव, १६ नोव्हेंबर

चि. मल्हारास अनेक आशीर्वाद.

आवरायला गेले होते, हात हलवत आले. दादांचं म्हणणं, गुडघे दुखतात आणि माझं अठ्ठावन्न भरत आलं. कोयनेच्या भूकंपाआधी पंधरा दिवस जन्मलोय, हे साऱ्या गावाला ठाऊक हाय, मास्तरलाच नव्हतं. पोरगं बारकं दिसतंय म्हणून मास्तरांनी तीन वर्षं कमी धरली आणि तारीख सगळ्यांची तीच, एक जून. मी म्हटलं, आवं दादा, पेन्शनवाले गुडघ्याचं वय बघत न्हाईत. त्यावर म्हणाले, मग ड्यूटीला गुडघे कशाला न्यायचे, कागदच पाठवतो.

मी हसले आणि परत आले. पण गुडघे नुसतं निमित्त आहे रे. परवा त्यांच्या पिशवीत दुसराच अर्ज सापडला. कामगार सुटला की त्याच्या जागी त्याचा एक पोरगा घेतात, ही कारखान्याची रीत तुला माहीत आहे. पोराचं वय अठ्ठावीसच्या आत लागतं आणि तुला फेब्रुवारीत अठ्ठावीस पुरी होतात. अर्जावर तुझं नाव आहे. सहीची जागा रिकामी. तुला विचारायचा त्यांना धीर होत नसावा.

आता तूच सांग, आवरायचं कुणाला?

तब्येतीला जप. माया आहेच, ती पत्र उशिरा आलं म्हणून आटत न्हाई.

रेश्मा

—

महाबळेश्वर, २२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चिडलो. मला कुणी विचारलं? मी एका जागी दोन हंगाम टिकत न्हाई, हे दादांइतकं कुणाला ठाऊक? शाळेत असताना कोल्हापूरला पळालो, तेव्हा शोधायला तेच आले होते. स्टँडवर मिसळ खाऊ घातली आणि घरी येईस्तोवर एक शब्द बोलले न्हाईत. त्यांचं हे न बोलणंच मला खातं.

मी सही करणार न्हाई. त्यांना सांग, गुडघे दुखत असतील तर रजा टाका, बसून करायचं काम मागा. पण माझ्या नावानं स्वतःचे टक्के कापून घेऊ नका. मी तिसऱ्या महिन्यात कारखान्यातनं पळालो तर ते टक्के कोण परत देणार? मला खुंटीला बांधायचं म्हणून त्यांनी जन्मभर कमी खायचं, असला सौदा मला मान्य न्हाई. हे मीच येऊन सांगायला पाहिजे, पण सध्या फळ धरलंय, त्यात

थांब. हरणाबाई सांगत आल्या, खालच्या फाट्यावर कुणी म्हातारा माझं नाव विचारतोय. मी बांधावर जाऊन बघितलं. खांद्याला कारखान्याची कापडी पिशवी. चढण चढताना दर दहा पावलांवर थांबतोय, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून. वर किती राहिलंय ते बघतो आणि परत चालतो.

ताई, निमित्त नव्हतं गं. खरंच दुखतात.

मी खाली जातो. त्यांना उरलेली चढण चढायला लावत न्हाई. लोभ राहू दे, राग मी आल्यावर काढ.

मल्हार