मी ‘विण’ म्हणाले

८ जानेवारी १९९५
झबल्याची पाठ विणून पूर्ण झाली आणि उसवली. सूत एकेरी, पीळ गरजेपेक्षा जास्त. त्यामुळे विणकाम एका बाजूला कलते. निरंजन म्हणाला, “आई, बाळाला काय कळणार आहे?” बाळाला कळणार नाही, मला कळते. आता सूत दोन पदरी करून, उकळून, वाळवून मगच सुयांवर घ्यायचे. नातवंडाचे पहिले झबले आजोळच्या कापसाचे आणि माझ्या हातच्या सुताचे असावे, ही कल्पना माझी. व्याह्यांनी पादरा गावाहून आपल्या शेतातल्या कापसाची गोणी पाठवली. तेव्हा झबले निर्दोषच व्हायला हवे.
सूनबाईंचा, हेतलचा, रक्तदाब पुन्हा वर. आठवा महिना अजून लागायचा आहे. पायावर बोट दाबले की खळगा तसाच राहतो.

१० जानेवारी
अलकापुरीत डॉक्टरीणबाईंकडे. मीठ बंद, पूर्ण विश्रांती, डाव्या कुशीवर. “बघू या,” असे दोनदा म्हणाल्या. वैद्यकातल्या माणसाने इतके मोघम बोलू नये.
संध्याकाळी पादऱ्याहून विहीणबाईंचा फोन. पहिले बाळंतपण माहेरी, मुलीला घेऊन जातो. मी नकार दिला. तिथे ऐन वेळी तज्ज्ञ कुठून आणणार? बडोद्यात माझ्या घरात ती अधिक सुरक्षित आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले.

१२ जानेवारी
दुपारचे व्याख्यान टाळणे अशक्य होते. हेतल पडून पडून कंटाळलेली, डोळे भरलेले. सुया, सूत, पाठीचे नव्याने घातलेले टाके, सगळे तिच्या उशाशी ठेवले. कापसाची गोणी तिथेच खिडकीखाली. “पडल्या पडल्या जमेल तेवढं विण,” म्हटले. माझे विणकाम आजवर मी कोणाच्याही हाती दिलेले नाही. तिला बरे वाटावे म्हणून दिले.
परतले तर ही खाली चटईवर, पाठ वाकवून बसलेली. गोणी रिकामी. एकीकडे स्वच्छ कापसाचा ढीग, दुसरीकडे काडीकचरा. दुपारभर बसून होती. सुया जशाच्या तशा.
“हे काय चाललंय?”
“तुम्हीच बोललात ने, विण. ते वीणी नाख्युं बधुं.” चेहरा सुजलेला, तरी हसत होती. “सुयांना तर तुम्ही कोणाला हातपण लावू देत नाही. मला वाटलं, रू वीणवानुं हशे.”
गुजरातीत रू म्हणजे कापूस आणि वीणवुं म्हणजे वेचणे, निवडणे. आपण विणतो, त्याला ते गूंथवुं म्हणतात. आणि मी तौलनिक भाषाशास्त्र शिकवते.
तिला उचलून पलंगावर निजवले. डोके फार दुखते म्हणाली. डोळ्यांपुढे काहीतरी चमकते म्हणाली. निरंजन गाडी आणायला

१३ जानेवारी
काल संध्याकाळीच हेतलला इस्पितळात दाखल केले. लघवीत प्रथिने. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बसल्यामुळेच झाले असे नाही, कदाचित होणारच होते. या ‘कदाचित’चे मी काय करू?
विहीणबाई आल्या. मुलीच्या कपाळावर हात ठेवून पाहिला. मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, “बेन, कपास वीणवा तो अमारे पादरामां माणसो मळे छे. छोकरी एना माटे नहोती आपी.”
कापूस वेचायला मुलगी दिली नव्हती! शब्दामुळे गैरसमज झाला, असे मी सांगू लागले.
“प्रोफेसरने शब्दनी भूल?” असे म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि कप माझ्यापुढे धरला.   चहा अतिगोड होता, प्याले.

१४ जानेवारी
उत्तरायण, पतंगांचा दिवस. सगळ्या गच्च्यांवर भोंगे. निरंजन समोरच्या गच्चीवर जाऊन हात जोडून आला. थोडा वेळ आवाज कमी झाला. रक्तदाब उतरत नाही. खोलीत पडदे ओढलेले, दोन आज्या पलंगाच्या दोन बाजूंना. मी टकळीवर सूत दुहेरी करीत होते.
विहीणबाईंनी धागा बोटांत धरून पाहिला. “तमारुं सूतर जाडुं-पातळुं थाय छे, वेवाण.”
 सुतात जाड-बारीक पडले आहे. एरवी फेकून दिले असते.

१५ जानेवारी
उद्या सकाळी पुन्हा रक्त तपासणार. आकडे असेच राहिले तर बाळाला लवकर बाहेर काढावे लागेल. थांबणे दोघांनाही धोक्याचे.
“केवढे असेल?” मी विचारले. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही तळहात एकमेकांसमोर धरून दाखवले. त्या अंतरात माझ्या झबल्याची नुसती बाहीच मावेल. माझी सगळी मापे पूर्ण दिवसांच्या बाळाची.
निरंजन म्हणतो, “लहान करायला घे. लागेल.” विहीणबाई माळ ओढताहेत. हेतलला विचारायचे नव्हते, विचारले. लहान करू का?
डोळे मिटलेलेच. “ना, आई. तमे तो एक टाको पण खोटो नथी चलावतां. माप मोठंच ठेवा.”
लहान माप घेतले तर बाळ अपुऱ्या दिवसांचे येणार, हे मी आधीच मान्य केले असे होईल. मोठे घेतले आणि ते रिकामे राहिले तर
एका जोडीवर मोठ्या मापाचे टाके घातले आहेत. दुसऱ्या जोडीवर लहान मापाचे. दोन्ही मांडीवर आहेत. पहिली ओळ अजून कशाचीच विणलेली नाही.